रंगाचा खर्च भिंत ठरवते

डोंबिवली असो, पिंपरी-चिंचवड असो की नाशिक रोड, दोन बेडरूमचं घर रंगवायला काढलं की पहिला धक्का बसतो तो दरांच्या तफावतीचा. घर तेच, खोल्या त्याच. एक रंगारी दहा मिनिटं फिरतो आणि म्हणतो, "२४ हजारात करून देतो." दुसरा भिंतींवरून हात फिरवतो, कोपऱ्यात खरवडून बघतो आणि ४५ हजार मागतो. तिसरा एखाद्या मोठ्या सेवेचा माणूस असतो. तो यंत्रानं मोजमाप घेतो आणि ७० हजारांचा अंदाज पाठवतो. मग बरेच जण मधला आकडा धरतात, त्यावर घासाघीस करतात आणि चार पैसे वाचले म्हणून खूश होतात. पुढच्या पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला फुगे आले की दोष रंगाऱ्याला किंवा रंगाच्या कंपनीला दिला जातो.

या तिघांपैकी कुणीच खोटं बोललेलं नसतं, असंही होऊ शकतं. तिघांनी तीन वेगळी कामं मोजलेली असतात. पहिल्यानं आहे त्या भिंतीवर दोन हात रंग धरलेला असतो. दुसऱ्यानं सुटलेला थर काढणं, भेगा भरणं, लांबी (म्हणजे पुट्टीचा थर), घासाई, प्रायमर आणि मग दोन हात असा हिशेब केलेला असतो. तिसऱ्याच्या आकड्यात महागडा रंग, यंत्रानं घासाई, सामानावर प्लॅस्टिक, शेवटी साफसफाई, वॉरंटी आणि १८ टक्के जीएसटी असतो. म्हणून "स्क्वेअर फुटाला काय घेता?" हा प्रश्न शेवटी विचारावा. त्याआधी विचारायचं ते असं: मोजणार कसं, भिंतीचं काय करणार, रंग कुठला आणि हात किती.

मोजमाप आधी घेऊ, कारण शेवटच्या दिवशीची बहुतेक भांडणं त्यावरूनच होतात. १० बाय १२ ची खोली, उंची साडेनऊ फूट. चारही भिंतींची मिळून लांबी ४४ फूट, म्हणजे भिंती ४१८ चौरस फूट. छत १२०. एकूण ५३८. जमीन १२० फूट आणि रंगवायचं त्याच्या जवळजवळ साडेचारपट, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, पण टेप लावला की पटतं. सगळ्या घराचं बघितलं तर स्वयंपाकघर आणि बाथरूममधल्या टाइल्स, दारं, खिडक्या, भिंतीतली कपाटं कमी होतात आणि रंगवायचं क्षेत्र कार्पेट एरियाच्या साधारण तीन ते साडेतीनपट भरतं. ६५० फूट कार्पेटच्या घरात ते दोन हजार चौरस फुटांच्या आसपास येतं. तोंडी अंदाजाला हे पुरे आहे, पैसे मात्र टेपनं मोजूनच द्यावेत. आणि हा गुणाकार कार्पेटवरच करायचा. जाहिरातीतल्या बिल्ट-अप आकड्यावर केला तर काम बसल्या जागी वाढतं.

दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही, यावर दोन्ही बाजू हट्टाला पेटतात. सरकारी बांधकामात यासाठी आयएस १२०० हे भारतीय मानक वापरतात आणि त्यातली रीत मला न्याय्य वाटते. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची मोकळी जागा वजा करायची नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरची असेल आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना काम सारखंच असेल तर एकाच बाजूची वजा करायची, आणि त्या बदल्यात चौकटीलगतच्या आतल्या कडांचे वेगळे पैसे लावायचे नाहीत. त्या अरुंद कडा ब्रशनं कापत न्यायला सपाट भिंतीपेक्षा जास्त वेळ लागतो, त्याचा मोबदला अशा तऱ्हेनं रंगाऱ्याला मिळतो. दारांचंही तसंच. साध्या फ्लश दाराची एक बाजू मोजताना क्षेत्राला १.२० नं गुणतात, पॅनेलच्या दाराला १.३० नं आणि झडपांच्या दाराला थेट १.८० नं, कारण प्रत्येक झडपेच्या दोन्ही अंगांना ब्रश फिरवावा लागतो. घरगुती कामाला हे मानक कुणी बंधनकारक केलेलं नाही. पण दारं-ग्रिल भिंतीच्या दरात बसणार नाहीत, हे आधीच समजलं तर पुढची कटुता टळते.

आता भिंत. सगळा जीव इथे आहे.

जाणता रंगारी घरात शिरला की शेड कार्ड काढत नाही. तो आधी तळहात भिंतीवर घासतो. हाताला पांढरी भुकटी लागली तर वर डिस्टेंपर किंवा चुना आहे आणि त्याचा जोर संपलेला आहे. त्यावर कितीही चांगला रंग लावला तरी तो भुकटीला चिकटतो, भिंतीला नाही. मग तो बोटांच्या पेरांनी ठोकून बघतो. धड प्लास्टर टणक वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं. बद्द वाजणारा भाग फोडून पुन्हा प्लास्टर करावं लागतं, पुट्टीनं ते काम भागत नाही. सिमेंटच्या पुट्टीचा एकूण थर दीड मिलिमीटरच्या आसपास ठेवायचा असतो. खड्डा बुजवायला जाड थापली की ती तडकते किंवा ढलपा होऊन निघते. मग तो पंख्याच्या वरचं छत बघतो, खिडकीच्या खालचे कोपरे बघतो, बाथरूमला लागून असलेली भिंत बघतो. शेवटी लोखंडी पट्टी घेऊन एखाद्या आडबाजूला खरवडतो आणि खाली किती थर आहेत ते मोजतो. जुन्या वाड्यांत आणि चाळींत पाच-सात थर सहज निघतात. सगळ्यात खाली चुना, त्यावर डिस्टेंपर, त्यावर कधी काळी मारलेला ऑइलपेंट. अशा भिंतीला खालपर्यंत खरवडायचं की वरचे सुटे पोपडे काढून भागवायचं, या एका निर्णयावर हजारो रुपयांचा फरक पडतो. एवढी पाहणी न करता आकडा सांगणाऱ्याला मी काम देणार नाही, मग आकडा कितीही गोड असो.

तयारीचा क्रम ठरलेला आहे. सुटलेलं खरवडायचं. स्वयंपाकघरातल्या भिंतींचा तेलकट थर साबणाच्या पाण्यानं धुऊन काढायचा, नाहीतर रंग त्यावरून फाटतो. चकचकीत ऑइलपेंट असेल तर पॉलिश पेपरनं त्याची चमक मारायची, म्हणजे पुढच्या थराला पकड मिळते. भेगा पट्टीच्या टोकानं थोड्या रुंद करून भरायच्या. केसाएवढी भेग वरवर लिंपली की महिन्याभरात तिथेच पुन्हा दिसते. मग लांबी, एक किंवा दोन हात. पहिला हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा नाही. मग घासाई. मग प्रायमर. प्रायमर लागल्यावर भिंत एकरंगी होते आणि लपून राहिलेले खड्डे दिसायला लागतात, म्हणून चांगले कारागीर प्रायमरनंतर पुन्हा एकदा टचअपची लांबी भरतात. घाईच्या कामात नेमका हाच फेरा गळतो.

घासाई बघण्यासारखी असते. रंगारी एक बल्ब वायरीवर घेऊन भिंतीला अगदी लगटून धरतो. प्रकाश तिरपा पडला की समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या भिंतीवर पट्टीच्या रेघा, फुगवटे, खळगे सावल्यांसकट उमटतात. पॉलिश पेपरचा आकडा जितका मोठा तितका तो बारीक, म्हणून आधी १२० किंवा १५०, मग २२० असा चढत जातो. एका हातात बल्ब, दुसऱ्या हातात कागद गुंडाळलेला लाकडी ठोकळा, आणि पांढऱ्या धुराळ्यात तो माणूस तासन्‌तास गोल हात फिरवत असतो. तोंडाला मात्र नुसता रुमाल. रंगकामात सर्वांत जास्त मेहनत याच कामात जाते आणि पाहुण्यांच्या नजरेत सर्वांत कमी भरतं तेही हेच. कामाच्या यादीत मास्क आपण आपल्या खर्चानं घालावेत, असं मला मनापासून वाटतं. शे-दोनशे रुपयांची ती गोष्ट आहे.

पुट्टीतही जाती आहेत. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी प्लास्टरच्या भिंतीला उत्तम. पीओपी किंवा जिप्समच्या गुळगुळीत भिंतीवर ती नीट धरत नाही, तिथे प्रायमर मारून ॲक्रिलिक पुट्टी लावलेली बरी. मुंबई-ठाण्याच्या नव्या इमारतींत आतल्या भिंती बहुधा जिप्समच्या असतात, तेव्हा हे विचारून घ्यावं. नव्या प्लास्टरची गोष्ट आणखी वेगळी. ताजं सिमेंट फार अल्कधर्मी असतं आणि त्यात पाणीही भरपूर असतं. त्याला किमान चार आठवडे द्यायचे असतात. ताबा मिळायच्या आत रंग उरकलेल्या घरांत वर्षभरात डाग उमटतात, त्यामागे बहुतेक वेळा हीच घाई असते.

जुन्या घराबाबत एक सावधगिरी. रंगातल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम भारतात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या, विशेषतः दारं, खिडक्या, ग्रिल यांच्या पिवळ्या-लाल-हिरव्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता धरून चालावं. तो कोरडा घासू देऊ नये. ओला करून घासावा, धूळ ओल्या फडक्यानं टिपावी आणि त्या दिवसांत लहान मुलं आणि गरोदर बाई घरात नसावी. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीला मारक असतं, आणि धूळ ही त्यांच्या हातांतूनच तोंडात जाते.

ओल हा रंगाऱ्याचा प्रांतच नाही, आणि तरी सगळ्यात जास्त पैसे ओल्या भिंतीवरच्या रंगात वाया जातात. फुगे, पोपडे, लोणा लागून आलेली पांढरी भुकटी हे सगळं भिंतीच्या आतल्या पाण्याचं काम. पाणी बाहेर येताना क्षार सोबत आणतं, पृष्ठभागावर ते वाळतात आणि रंगाला मागून ढकलतात. ओल भिंतीतून येते की खोलीतल्या दमट हवेची आहे, हे घरी तपासता येतं. दीड फुटाचा प्लॅस्टिकचा चौकोन भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीनं बंद करायचा आणि एक-दोन दिवस ठेवायचा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी आतून येत आहे. मग आधी प्लंबर किंवा वॉटरप्रूफिंगवाला, रंगारी नंतर. वरवर वॉटरप्रूफ कोट मारून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नये. पाण्याची वाट बंद झाली नाही तर ते शेजारच्या फुटात डोकं काढतं.

हा खर्च कुणाचा, हेही बघावं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून सर्वांत वरच्या मजल्यावरच्या घराचं छत आणि त्याचं प्लास्टर खराब झालं तर दुरुस्ती संस्थेनं करायची असते. बाहेरच्या भिंतींचंही तसंच. सदस्याच्या संडास-बाथरूम-सिंकमधून होणारी गळती मात्र त्या सदस्याची. इमारत नवी असेल तर रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवून दिलेला बांधकामातला दोष विकासकानं ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. दरवर्षी निमूटपणे स्वतःच्या पैशानं त्याच भिंतीला लांबी लावणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. एक लेखी अर्ज आधी करायला हवा.

या ओलीतूनच हंगामाचा विषय निघतो. आपल्याकडे रंग म्हणजे दिवाळी. पण हवामान खात्याच्या सरासरीनुसार मुंबईतून मान्सून परततो तो ८ ऑक्टोबरच्या सुमारास, आणि दिवाळी पडते ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. म्हणजे चार महिने पाणी प्यायलेल्या भिंतीला वाळायला कधी कधी जेमतेम दोन आठवडे मिळतात, आणि त्याच पंधरवड्यात अख्ख्या शहराला रंगारी हवे असतात. दर चढलेले, चांगले कारागीर अडकलेले, नवशिकी पोरं हाताशी धरून चार-चार घरं एकदम चाललेली. कोकणात आणि मुंबईच्या समुद्राकडच्या इमारतींत तर पश्चिमेची भिंत डिसेंबरपर्यंत ओलावा धरून असते. "ताई, ही भिंत अजून पाणी पितेय, हिला संक्रांतीनंतर हात लावू," असं सांगून हातातलं काम पुढे ढकलणारा रंगारी भेटला तर त्याला सोडू नये. जानेवारी ते मे हा आपल्याकडे रंगाचा खरा काळ. भिंती कोरड्या, हवा कोरडी, खिडक्या उघड्या ठेवता येतात, दर बोलायला वाव असतो. पाडव्याला घर नवं दिसणं काही कमी शुभ नाही.

रंगाबद्दल थोडक्यात. डब्यात मुख्यतः चार गोष्टी असतात: रंगद्रव्य, त्याला भिंतीवर धरून ठेवणारं बंधक, पातळ ठेवणारं पाणी किंवा टर्पेंटाइन, आणि इतर रसायनं. किंमत ठरते ती पहिल्या दोहोंवर. पांढरेपणा आणि झाकण्याची ताकद देतो टायटॅनियम डायऑक्साइड, आणि तो महाग असतो. डिस्टेंपरमध्ये खडूसारखी भर जास्त, बंधक कमी, म्हणून ते स्वस्त आणि म्हणून पुसता येत नाही. इमल्शनमध्ये ॲक्रिलिक बंधक असतो, तो वाळून पापुद्रा धरतो. बंधक जितका जास्त तितका रंग धुण्याला टिकतो आणि तितकी त्याला झळाळी येते. पण झळाळी भिंतीचे सगळे दोष दाखवते. खडबडीत भिंतीवर भारी सॅटिन रंग लावणं म्हणजे पैसे देऊन दोष उजळवणं होय. छताला साधं मॅट इमल्शन पुरतं, तिथे कुणाचा हात लागत नाही. भारी रंग दिवाणखान्यात आणि मुलांच्या खोलीत लावावा, जिथे भिंत पुसावी लागते. गडद लाल, झगझगीत पिवळा अशा छटांची झाकण्याची ताकद कमी असते, त्यांना तिसरा आणि कधी चौथा हात लागतो. "दोन हातात बसेल ना?" हे शेड निवडतानाच विचारायचं.

काम देण्याच्या तीन रीती आहेत आणि प्रत्येकीत माणूस वेगळा वागतो. पहिली हजेरीची. सकाळी नाक्यावरून किंवा मजूर अड्ड्यावरून कारागीर आणायचा, दिवसाचे पैसे द्यायचे, माल आपला. एक खोली, टचअप, ग्रिल यांना ही रीत चांगली. मोठ्या कामात मात्र देखरेख आपल्याला जमणार असेल तरच. कारागिराला घाई नसते, त्यामुळे काम चोख होऊ शकतं आणि लांबूही शकतं. दुसरी मजुरीच्या दराची. माल आपण आणायचा, तो फुटावर मजुरी घेणार. इथे रंग कुठला आला, किती आला याची खात्री असते, पण माल किती वापरावा याचं त्याला बंधन नसतं. तिसरी मालासकट उक्ती. त्यानं काम अंगावर घेतलं की आपली धावपळ वाचते, पण प्रत्येक वाचलेला लिटर आणि प्रत्येक वाचलेला दिवस त्याच्या खिशात जातो. रंगात डब्यावर सांगितल्यापेक्षा जास्त पाणी घातलं जाण्याची भीती इथेच. उपाय सोपा आहे. डबे सीलबंद यावेत, आपल्यासमोर उघडावेत आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत घरातच राहावेत. डब्यांचे लिटर आणि भिंतीचे फूट यांचा मेळ बसला की बहुतेक शंका मिटतात.

आणखी एक गोष्ट ग्राहकाला माहीत असावी. रंगाच्या अनेक डब्यांत आणि पुट्टीच्या पिशव्यांत कंपन्या रंगाऱ्यासाठी टोकन किंवा कूपन ठेवतात. त्यामुळे एखाद्या मालाचा त्याचा आग्रह कधी कधी त्यातून येतो. टोकन त्याचंच असतं, ते त्याला मिळावं. फक्त निवड आपण केलेली असावी.

आता तेच ६५० फुटांचं घर, दोन हजार फूट रंगकाम, हिशेबाला घेऊ. दर शहरागणिक आणि वर्षागणिक बदलतात, मी मुंबई-पुण्याच्या बाजाराच्या जवळपासचे धरतो. साधं इमल्शन एका लिटरला दोन हातांचे ६० फूट देतं असं धरलं तर ३३ लिटर लागेल. लिटरला १९० रुपयांनी ते सव्वासहा हजार. प्रायमर १२ लिटर, दीड हजार. डागडुजीपुरती पुट्टी ४० किलोच्या दोन पिशव्या, एकोणीसशे. पॉलिश पेपर, चिकटपट्टी, प्लॅस्टिक, रोलर मिळून दीड हजार. माल झाला ११ हजारांचा. मजुरी फुटाला १० रुपये, म्हणजे २० हजार. एकूण ३१. यात दारं-ग्रिलचा ऑइलपेंट नाही.

त्या २० हजारांची आता हजेरी करून बघा. रंगाऱ्याची ये-जा, हत्यारं, नफा यांचे १२ टक्के काढले तर साडेसतरा हजार उरतात. कारागीर आणि मदतनीस मिळून सरासरी दिवसाला ८०० धरले तर या २२ हजेऱ्या झाल्या. तीन माणसं, एक आठवडा. खरवडणं, भरणं, वाळू देणं, घासणं, प्रायमर आणि दोन हात यांना एवढा वेळ खरोखर लागतो. सुरुवातीचा २४ हजारांचा आकडा घ्या. माल तोच धरला तर मजुरीला १३ हजार उरले, तेच १२ टक्के गेले की हजेऱ्या १४. आठ हजेऱ्या कुठे गेल्या? त्या रंगातून जाऊ शकत नाहीत, रंग तर भिंतीवर दिसायलाच हवा. त्या खरवडण्यातून आणि घासाईतून गेल्या. कुठल्याही दराची अशी हजेरी करून बघितली की स्वस्तातलं काम नेमकं कुठे स्वस्त केलं आहे ते दिसतं.

आता ४५ हजारवाल्याकडे बघू. त्यानं सगळ्या भिंतींना दोन हात लांबी धरली आहे. जास्तीच्या तीन पिशव्या पुट्टीचे पावणेतीन ते तीन हजार आणि लांबी-घासाईची मजुरी फुटाला साडेपाच रुपयांनी ११ हजार. ३१ अधिक १४, बरोबर ४५. पुट्टीचा माल तीन हजारांचा आणि ती लावायची-घासायची मेहनत ११ हजारांची, हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे. उलट भिंतींना साध्याऐवजी लिटरला ६०० रुपयांचा रंग घेतला तर २४ लिटरमागे खर्च साडेनऊ-दहा हजारांनी वाढतो. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर मी ते लांबीला आणि घासाईला घालीन आणि वर साधं इमल्शन लावीन. अशी भिंत उजेडातही देखणी दिसते, आणि पाच वर्षांनी नुसते दोन हात मारून पुन्हा नवी होते.

ठरलेलं कागदावर आणावं, व्हॉट्सॲपवर लिहिलं तरी चालतं. कुठल्या खोलीत काय करायचं, लांबी पूर्ण की जागोजागी, प्रायमर कुठला, रंगाचं पूर्ण नाव, हात किती, माप कसं, दारं-ग्रिल आत की वेगळे, सामान कोण हलवणार, राडारोडा कोण उचलणार. "भारी कंपनीचा रंग" एवढंच लिहून भागत नाही, एकाच कंपनीकडे लिटरला दीडशेपासून सातशेपर्यंतचा माल असतो. उचल २० ते ३० टक्क्यांवर नसावी, मालासकट काम असेल तर माल घरात आल्यावर त्याचे पैसे. पुढचा हप्ता प्रायमर झाल्यावर, कारण तयारी तपासायची ती शेवटची संधी असते. पण तपासणी झाली की हप्ता त्याच दिवशी द्यावा. त्याच्या हाताखालच्या माणसांना संध्याकाळी खर्ची द्यावी लागते. मालकानं हप्ता अडवला की तो दुसऱ्या घराची उचल घेऊन तिकडे माणसं पळवतो, आणि आपलं काम अर्धवट लोंबकळतं.

इमारतीच्या बाहेरच्या रंगाला झुला किंवा परांची लागते. तिथे दोन कोटेशनमधला फरक बघताना सेफ्टी बेल्ट, स्वतंत्र दोर आणि कामगारांचा विमा आहे का, हे आधी बघावं. हे गाळून कमी झालेला दर कुठल्याही सोसायटीनं स्वीकारू नये. सहाव्या मजल्यावर लटकणारा माणूस आपल्याच कामासाठी तिथे गेलेला असतो.

काम संपल्यावर पाहणी दिवसाउजेडी, खिडक्या उघडून करावी आणि रात्री दिवे लावून पुन्हा एकदा. छत आणि भिंत मिळतात तिथली रेघ सरळ आहे का, स्विचबोर्डांच्या कडा स्वच्छ आहेत का, दारामागचा पट्टा आणि कपाटाच्या वरची जागा सुटली का, फरशीवर थेंब राहिले का. पाच-दहा टक्के रक्कम या टचअपपर्यंत राखून ठेवायची, हे पहिल्या दिवशीच सांगितलेलं असावं. दुकानातल्या यंत्रात कालवलेल्या शेडचा कोड आणि बेसचं नाव डब्याच्या चिकटवलेल्या कागदावर असतं, त्याचा फोटो काढून ठेवावा. उरलेला अर्धा लिटर रंग हवाबंद छोट्या डब्यात भरून, वर खोलीचं नाव लिहून ठेवावा. वर्षभरानं खिळ्याचं भोक बुजवायचं झालं तर तोच डबा लागतो, कारण पुन्हा कालवलेली शेड जुन्या भिंतीवर तंतोतंत जुळेलच असं नाही.

आणि रंगाऱ्याचा नंबर जपून ठेवावा. पहिल्या पावसानंतर एकदा येऊन भिंत बघून जा, असं त्याला सांगावं आणि त्या फेरीचे पैसे द्यावेत.